प्रमाणपत्राचा रकाना

जळगाव जिल्ह्यातील एका नागरी सहकारी बँकेच्या संगणक विभागात मी काम करीत होते, तेव्हा सायबर सुरक्षा असे माझ्या कामाचे नाव नव्हते. मुख्य कार्यालयातील सर्व्हर, शाखांना जोडणाऱ्या लीज लाइन, पासबुक छापणारे प्रिंटर, एटीएममध्ये अडकलेली रोकड आणि शाखाधिकाऱ्यांचे विसरलेले पासवर्ड हे सगळे आमच्या छोट्याशा विभागाकडे येत असे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून एमसीए करून मी तिथे लागले होते. नेमणुकीच्या पत्रावर मात्र माझे पद ‘लिपिक’ असेच छापले होते, कारण बँकेच्या सेवानियमांत संगणकाशी संबंधित दुसरे पदच नव्हते. या एका शब्दाने पुढे मला बरेच पळवले, त्याविषयी नंतर सांगते.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि दोन-तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये बाहेर गेले. सहकारी बँकांच्या संचालक मंडळांत त्या बातमीने जी धास्ती घेतली गेली, ती मी जवळून पाहिली आहे. त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेच्या मूलभूत चौकटीचे परिपत्रक काढले आणि ३१ डिसेंबर २०१९ रोजी त्यापुढचे, बँकांची चार स्तरांत विभागणी करणारे परिपत्रक आले. बँक डिजिटल व्यवहारांत जितकी खोल, तितकी तिच्यावरची जबाबदारी मोठी, असे त्या विभागणीचे सूत्र होते. परिपत्रकाची छापील प्रत माझ्या टेबलावर आली, तिच्या कोपऱ्यात ‘आवश्यक कार्यवाही व्हावी’ असा शेरा होता, आणि मी त्या दिवसापासून, पदनाम न बदलता, सायबर सुरक्षेचे काम करू लागले.

वर्षभराने बाहेरून लेखापरीक्षक आले. त्यांनी फायरवॉलच्या, म्हणजे जाळ्यात काय येऊ-जाऊ द्यायचे हे ठरवणाऱ्या यंत्रणेच्या, नियमांची यादी मागितली, कोअर बँकिंगमधील वापरकर्त्यांची यादी आस्थापना विभागाच्या हजेरीपटाशी ताडून पाहिली, बॅकअप परत उतरवून पाहिल्याची नोंद विचारली आणि अहवाल लिहिला. अहवालातील निम्मे मुद्दे मी आधीच टिपणाद्वारे वर कळवले होते आणि ते टिपण फाइलमध्ये पडून होते. लेखापरीक्षकांच्या सहीखाली मात्र ‘सीआयएसए’, म्हणजे माहितीप्रणालीच्या प्रमाणित लेखापरीक्षकाची, ही अक्षरे होती, त्यामुळे तेच मुद्दे संचालक मंडळाने एका बैठकीत मान्य केले आणि त्यासाठी पैसेही मंजूर केले. मला त्याचा राग आला नाही असे म्हणणे खोटे ठरेल, पण रागापेक्षा कुतूहल मोठे होते. ही अक्षरे नेमकी काय करतात, ती कुणासाठी असतात आणि ती मिळवण्यात माझ्यासारखीने पैसा व वेळ घालावा का, हे प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागले.

चौकशीला सुरुवात केली तेव्हा सर्वांत मोठ्या आवाजात कानावर पडले ते सीईएच, म्हणजे ‘सर्टिफाइड एथिकल हॅकर’, हे नाव. पुण्यातील एका क्लासने फोनवर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ची हमी दिली आणि फीचा आकडा सांगितला, तेव्हा मी आधी त्या परीक्षेचा आराखडा वाचायचे ठरवले. चार तासांत १२५ बहुपर्यायी प्रश्न, आणि परीक्षेला बसण्यासाठी एकतर अधिकृत प्रशिक्षण घेतलेले असावे किंवा दोन वर्षांचा अनुभव दाखवून शुल्क भरून अर्ज मंजूर करून घ्यावा, अशी तिची रीत आहे. पर्यायावर खूण करून कुणी हॅकर ठरतो का, हा आक्षेप त्या परीक्षेवर जुनाच आहे. पुढे ही परीक्षा घेणाऱ्याच संस्थेने सहा तासांची आणि २० आव्हानांची वेगळी प्रात्यक्षिक परीक्षा आणली, यावरून आक्षेपात तथ्य होते असे मी समजते. तरीही भारतातील नोकरीच्या जाहिरातींत हे नाव इतक्या वेळा येते की ते निरुपयोगी आहे असे म्हणता येत नाही. मनुष्यबळ विभागातील माणसाला ते ओळखीचे आहे, आणि चाळणी त्याच्याच हातात असते.

त्या काळात मी एक उद्योग केला, जो मी आजही प्रत्येकाला करायला सांगते. पुणे, नाशिक आणि मुंबई येथील मला करता येतील अशा कामांच्या जाहिराती जमवल्या आणि प्रत्येकीत कोणते प्रमाणपत्र ‘आवश्यक’ म्हटले आहे व कोणते ‘असल्यास प्राधान्य’ म्हटले आहे, ते वहीत मांडले. सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या देखरेख केंद्रातील सुरुवातीच्या जागांना सिक्युरिटी प्लस हे सुरुवातीच्या पातळीचे सुरक्षा प्रमाणपत्र किंवा सीईएच असल्यास प्राधान्य होते. लेखापरीक्षणाच्या जागांना सीआयएसए किंवा आयएसओ २७००१ या माहितीसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचे लीड ऑडिटर प्रमाणपत्र आवश्यक होते. प्रणाली भेदून पाहणाऱ्या चाचणीच्या जागांना ओएससीपी या प्रात्यक्षिक परीक्षेचे नाव आदराने घेतलेले होते. व्यवस्थापकाच्या जागांना सीआयएसएसपी हे अनुभवी सुरक्षातज्ज्ञांचे प्रमाणपत्र हवे होते, जे १९९४ पासून चालत आलेले आहे आणि ज्यासाठी आठपैकी किमान दोन विषयक्षेत्रांत मिळून पाच वर्षांचा अनुभव लागतो. पदवीमुळे त्यात एका वर्षाची सूट मिळते. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलाला सीआयएसएसपीचा क्लास विकणारे लोक मी पाहिले आहेत. अनुभव नसताना ती परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्याला पूर्ण प्रमाणपत्र मिळत नाही, त्याला ‘असोसिएट’ म्हणून थांबावे लागते, ही गोष्ट त्या क्लासच्या पत्रकावर बारीक अक्षरांतही नसते.

वहीकडे पाहून मी सिक्युरिटी प्लस निवडले. या परीक्षेचे नाव परदेशी कंपन्यांच्या जाहिरातींत इतके का दिसते, याचे एक कारण मला नंतर कळले. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने २००५ मध्ये आपल्या माहितीसुरक्षेच्या कामावरील माणसांसाठी मान्य प्रमाणपत्रांची यादी नियमपुस्तिकेत घातली, आणि त्या यादीत हे नाव होते. म्हणजे तिथेही मूळ गोष्ट तीच होती: कुठल्या तरी सरकारी कागदावर एक रकाना होता आणि तो भरण्यासाठी माणसे परीक्षा देत होती.

अभ्यास मी बँकेतून आल्यावर रात्री करीत असे. पुस्तक इंग्रजी, त्यातील उदाहरणे मोठ्या अमेरिकी कंपन्यांची, आणि माझ्यासमोरचे वास्तव म्हणजे रावेर-यावलकडील एखाद्या शाखेतले जुने नेटवर्क स्विच, ज्याच्यावर केळीच्या पेमेंटच्या दिवशी सगळा भार येई. तरीही त्या अभ्यासाचा मला जो लाभ झाला तो खरा होता, आणि तो सांगताना हात आखडता घेण्याचे कारण नाही. मी जी कामे सवयीने किंवा वरच्यांच्या सांगण्यावरून करीत होते, त्यांची एकमेकांशी सांगड लागली. शाखेच्या संगणकांना आणि एटीएमला वेगवेगळ्या जाळ्यांत का ठेवायचे, पासवर्डचा हॅश (उलट फिरवता न येणारा सांकेतिक ठसा) साठवताना त्यात सॉल्ट (प्रत्येक पासवर्डला वेगळी अशी भर) का मिसळायचे, जोखीम पत्करणे आणि जोखीम दुसऱ्यावर सोपवणे यांत फरक काय, हे सगळे मला तुकड्यातुकड्यांनी माहीत होते. एका ओळीत उभे राहिले ते तेव्हा. एवढे मात्र खरे की हा लाभ अभ्यासाचा होता, आणि तोच अभ्यास परीक्षेची फी न भरताही करता आला असता. करता आला असता म्हणजे केला असता असे नव्हे, हेही तितकेच खरे. तारीख ठरल्याशिवाय नोकरी करणारा माणूस पुस्तकाचे शेवटचे प्रकरण सहसा गाठत नाही.

परीक्षा घरून देण्याची सोय होती आणि मी तीच घेतली, पण जळगावात घरून परीक्षा देणे ही स्वतंत्र परीक्षा आहे. परीक्षेपूर्वी मोबाइलवरून खोलीच्या चारही बाजूंची छायाचित्रे, स्वतःचे छायाचित्र आणि ओळखपत्र पाठवावे लागते. टेबलावर कागद-पेन चालत नाही, खोलीत दुसरे कुणी येता कामा नये, कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर जाता येत नाही आणि प्रश्न ओठांत पुटपुटत वाचले तरी देखरेख करणारा माणूस हटकतो. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो आणि कूलर सुरू ठेवला तर त्याचा घरघराट माइकमध्ये शिरतो. त्यात लग्नसराई असली की कोणत्या गल्लीतून कधी डीजे निघेल याचा नेम नसतो. म्हणून मी पंचांग पाहून, चातुर्मास लागल्यावरची तारीख घेतली. इन्व्हर्टरची बॅटरी बदलली, राउटरही इन्व्हर्टरवर घेतला, भिंतीवरचे कॅलेंडर उतरवले आणि आईला मामाकडे पाठवले. मीटर बदलायला आलेला माणूस नेमका त्याच वेळी दाराशी उभा राहिला, त्याने दोनदा कडी वाजवली आणि मी पडद्यावरून नजर न काढता बसून राहिले. तो कंटाळून निघून गेला.

परीक्षेत ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न असतात आणि १०० ते ९०० च्या मापात ७५० गुण लागतात. आता ७०१ क्रमांकाची आवृत्ती आहे, जी नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. मी दिली ती त्याआधीची ६०१ होती. सुरुवातीलाच काही प्रश्न प्रत्यक्ष करून दाखवायचे असतात. नेमके प्रश्न बाहेर सांगायचे नाहीत असा करार परीक्षेआधी मान्य करावा लागतो, त्यामुळे त्यांचे वर्णन मी करणार नाही. एवढेच सांगते की ज्याने कधी फायरवॉलचे नियम हाताने लिहिले आहेत, त्याला तिथे श्वास घ्यायला वेळ मिळतो. याच कारणासाठी ‘डम्प’ नावाने विकल्या जाणाऱ्या फुटलेल्या प्रश्नसंचांना मी हातही लावला नाही. प्रमाणपत्र रद्द होण्याची भीती हे एक कारण आहेच, पण त्याहून मोठे कारण म्हणजे डम्प पाठ करून उत्तीर्ण झालेला माणूस मुलाखतीच्या दुसऱ्या प्रश्नाला उघडा पडतो, आणि त्याच्यामुळे पुढच्या उमेदवाराचे खरे प्रमाणपत्रही संशयाने पाहिले जाते.

उत्तीर्ण झाल्याचे आईला सांगितले तेव्हा तिने अहिराणीत सरळ व्यवहाराचा प्रश्न विचारला, “हाऊ कागद कितलाले पडना?” फी माझ्या तेव्हाच्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त होती. मी आकडा सांगितला. ती काही बोलली नाही, पण पुढे बरेच दिवस घरात कुणी आले की ती तो आकडाच आधी सांगत असे आणि परीक्षेचे नाव नंतर.

बँकेने माझ्या प्रमाणपत्राची नोंद सेवापुस्तकात घेतली, पगारात मात्र काही फरक पडला नाही. बाहेर अर्ज केल्यावर फरक दिसला. पूर्वी ज्या अर्जांना पोचही येत नसे, त्यांतील काहींना फोन येऊ लागले. त्यातून पुण्यातील एका लेखापरीक्षण संस्थेत मुलाखतीला बोलावणे आले, आणि त्या मुलाखतीत मला प्रमाणपत्राची खरी पोहोच दिसली.

मुलाखत घेणाऱ्या बाईंनी माझ्या अर्जावरील प्रमाणपत्राकडे क्षणभर पाहिले, तो कागद बाजूला ठेवला आणि विंडोज सर्व्हरच्या लॉगचे, म्हणजे घडामोडींच्या आपोआप होणाऱ्या नोंदींचे, एक छापील पान माझ्यासमोर सरकवले. पानभर ४६२५ क्रमांकाच्या नोंदी होत्या, म्हणजे लॉगिनचे फसलेले प्रयत्न. वेळ मध्यरात्रीनंतरची, पत्ता एकच, वापरकर्त्यांची नावे मात्र प्रत्येक ओळीत वेगळी. तळाशी त्याच पत्त्यावरून ४६२४ ची एक नोंद होती, म्हणजे यशस्वी लॉगिन, आणि त्याचा प्रकार होता १०. बाईंनी फक्त “काय दिसते?” एवढेच विचारले. मी सांगितले की एकाच खात्यावर अनेक पासवर्ड न वापरता अनेक खात्यांवर एकच सोपा पासवर्ड वापरून पाहिला आहे. प्रत्येक खात्यावर एकच चूक झाल्यामुळे खाते कुलूपबंद करणारा नियम जागा झाला नाही. शेवटी एका खात्याचा पासवर्ड जुळला आणि प्रकार १० असल्यामुळे तो माणूस रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दूरवरूनच, थेट यंत्राच्या पडद्यावर पोहोचला आहे. त्यांनी पुढे विचारले की पण याच क्रमांकाच्या शेकडो नोंदी निरुपद्रवीही असू शकतात का. असू शकतात, कारण आमच्या बँकेत प्रशासकाचा पासवर्ड बदलल्यावर बॅकअपच्या सेवेत जुनाच पासवर्ड राहून गेला होता आणि ती सेवा रात्रभर दार वाजवत होती. पहाटे लॉग पाहून माझी झोप उडाली होती. ही हकिकत मी सांगितली तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

या हल्ल्याला ‘पासवर्ड स्प्रे’ म्हणतात हे मला सिक्युरिटी प्लसच्या पुस्तकाने सांगितले होते. बॅकअपच्या सेवेची गोष्ट मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हती, आणि नोकरी मला त्या गोष्टीने मिळाली असे माझे मत आहे. त्याच वेळी, प्रमाणपत्र नसते तर त्या खुर्चीपर्यंत मला कुणी बोलावले नसते, हेही मी विसरलेले नाही. पुण्या-मुंबईच्या नामांकित महाविद्यालयातून आलेल्या उमेदवाराची ओळख त्याच्या महाविद्यालयाचे नाव करून देते. अमळनेर किंवा शहाद्याहून आलेल्याला त्या जागी दुसरे काहीतरी ठेवावे लागते. प्रमाणपत्राचा उपयोग आमच्या भागातील मुलांना शहरी मुलांपेक्षा अधिक आहे असे मी म्हणते, ते याच अर्थाने.

त्या संस्थेत रुजू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच मला मघाच्या कुतूहलाचे उत्तर मिळाले. आपल्या देशात २००४ पासून सायबर घटना हाताळण्याचे काम करणारी सर्ट-इन ही शासकीय संस्था माहितीसुरक्षेचे लेखापरीक्षण करणाऱ्या संस्थांचे पॅनेल ठेवते, आणि बँका व सरकारी कार्यालये बहुधा त्या पॅनेलवरील संस्थेलाच काम देतात. पॅनेलची यादी सर्वांना पाहण्यासाठी खुली असते. तिच्यात प्रत्येक संस्थेच्या माहितीपत्रकात एक भाग तांत्रिक मनुष्यबळाचा असतो: सीआयएसएसपी किती, आयएसओ २७००१ चे लीड ऑडिटर किती, सीआयएसए किती, डीआयएसए (सनदी लेखापालांची याच विषयातील पात्रता) किती, अन्य पात्रताधारक किती. तो तक्ता पाहिल्यावर सगळे स्वच्छ झाले. माझ्या साहेबांनी मला सीआयएसए करायला सांगितले ते माझे ज्ञान वाढावे म्हणून नव्हे. त्या रकान्यातील आकडा एकाने वाढावा म्हणून. यात मला काही गैर वाटत नाही, उलट फी संस्थेने भरली. ज्या प्रमाणपत्राची मोजणी नोकरी देणाऱ्याला स्वतःच्या कामासाठी करावी लागते, त्याची किंमत तोच देतो, आणि पगारवाढीच्या वेळी ती आठवणही ठेवतो. ज्याची मोजणी कुणालाच करावी लागत नाही, ते प्रमाणपत्र कितीही कठीण असले तरी त्याचा खर्च आपल्याच खिशातून जातो.

सीआयएसए ही चार तासांची, १५० प्रश्नांची परीक्षा आहे; गुणांचे माप २०० ते ८०० असे असून ४५० ला उत्तीर्ण होतात. तिची तयारी करताना मला जो त्रास झाला तो विषय अवघड असल्याचा नव्हता. दहा वर्षे हाताने काम करणाऱ्या माणसाच्या बोटांना जी सवय असते, तीच तिथे आडवी येते. त्या धाटणीचा एक प्रश्न मी माझ्या शब्दांत मांडते: निवृत्त झालेल्या कर्मचाऱ्याचे खाते प्रणालीत अजून चालू आढळले, तर लेखापरीक्षकाने प्रथम काय करावे? माझे बोट लगेच ‘खाते बंद करावे’ या पर्यायाकडे जाई, कारण बँकेत मी तेच केले असते. पण खाते बंद करणे हे लेखापरीक्षकाचे कामच नाही. निवृत्तीनंतर ते खाते कुणी वापरले का, हे त्याने आधी तपासावे, मग नोकरी सोडणाऱ्यांची खाती बंद करण्याची जी पद्धत बँकेने कागदावर लिहिली आहे ती कुठे तुटली ते शोधावे, आणि दोन्ही गोष्टी पुराव्यासह लिहाव्यात. खाते बंद करून टाकले तर पुरावाही गेला आणि स्वतःच केलेल्या कामाचे परीक्षण स्वतःच करण्याची वेळ आली. ‘प्रथम’, ‘सर्वांत योग्य’, ‘सर्वांत मोठी चिंता’ असे शब्द बहुतेक प्रश्नांत असतात आणि चारही पर्याय बरोबर वाटतात. इंग्रजी बेताचे असणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना हीच परीक्षा सर्वांत जड जाते. विषय येत असूनही वाक्याच्या वळणात ती अडकतात.

ही परीक्षा मी पुण्यातील केंद्रावर जाऊन दिली; त्यात सांगण्यासारखे काही नाही. सांगण्यासारखे आहे ते पुढचे. परीक्षा उत्तीर्ण झाल्याने सीआयएसए होता येत नाही. लेखापरीक्षण, नियंत्रण किंवा माहितीसुरक्षेच्या कामाचा पाच वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो, शिक्षणाच्या बदल्यात त्यात काही वर्षांची सूट मिळते, आणि अनुभवाची पडताळणी तेव्हाच्या वरिष्ठांनी सहीनिशी करून द्यावी लागते. माझा बराचसा अनुभव बँकेतला, आणि बँकेच्या दप्तरी मी लिपिक. व्यवस्थापक साहेब भले गृहस्थ होते, पण नेमणूकपत्रात लिपिक असलेल्या व्यक्तीने माहितीसुरक्षेचे काम केले असे इंग्रजी अर्जावर लिहून सही करायला ते धजत नव्हते. “उद्या कुणी विचारले तर मी काय दाखवू?” हा त्यांचा प्रश्न रास्त होता. शेवटी मी जुन्या परिपत्रकांवरील माझ्या नावाचे शेरे, लेखापरीक्षणाच्या पूर्तता अहवालांवरील माझ्या सह्या आणि फायरवॉल खरेदीच्या तुलनात्मक तक्त्याची प्रत अशी फाइल त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती चष्मा लावून पानापानाने पाहिली, दोनदा चहा मागवला आणि सही केली. जे लोक आज सहकारी बँका, पतसंस्था, साखर कारखाने किंवा नगरपालिकांत संगणकाचे काम लिपिक, ऑपरेटर किंवा ‘मानधनावर’ म्हणून करीत आहेत, त्यांनी आपल्या कामाचा असा कागद रोजच्या रोज जपून ठेवावा, कारण तो मागाहून गोळा करणे परीक्षेपेक्षा कठीण जाते.

नावापुढे अक्षरे लागल्यावर माझ्या अहवालांचे वजन वाढले, हे मी नाकारत नाही. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनंतर सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवणे आणि लॉग १८० दिवस भारतात राखणे बंधनकारक झाले, तेव्हा अनेक ठिकाणी मला हे समजावून सांगावे लागले. धुळे जिल्ह्यातील एका संस्थेत लॉग साठवण्याची मुदत सात दिवसांवर ठेवली होती, कारण डिस्क लहान होती आणि विक्रेत्याने बसवताना जी मुदत ठेवली ती कुणी बदललीच नव्हती. तिथल्या सचिवांनी माझ्या ओळखपत्रावरील अक्षरे वाचली आणि त्याच दिवशी डिस्कची मागणी नोंदवली. पण ती सात दिवसांची मुदत शोधण्यासाठी सर्व्हर रूममध्ये जाऊन, पंख्याच्या आवाजात उभे राहून, त्या यंत्राची सेटिंग उघडून पाहावी लागली होती. संस्थेने दिलेल्या धोरणाच्या कागदावर १८० दिवस असेच छापलेले होते.

आमच्याकडे धुळ्याचा एक तरुण सहकारी आहे. त्याने ओएससीपी दिली, तेव्हा मला या क्षेत्रातील दुसरी टोकाची परीक्षा जवळून पाहायला मिळाली. प्रश्नपत्रिका नाही, पर्याय नाहीत. २३ तास ४५ मिनिटे दिलेली यंत्रे भेदायची, १०० पैकी ७० गुण मिळवायचे आणि त्यानंतरच्या २४ तासांत सविस्तर अहवाल लिहून द्यायचा. या सगळ्या वेळेत कॅमेऱ्यातून देखरेख असते, झोपायला व जेवायला सांगून उठता येते. अभ्यासक्रम आणि परीक्षा मिळून खर्च दीड लाखाच्या घरात जातो. त्याने वर्षभर पैसे साठवले. “ताई, यंत्र भेदण्यापेक्षा अहवाल लिहिताना जास्त घाम फुटला,” असे तो नंतर म्हणाला आणि मला ते मनोमन पटले, कारण आमच्या धंद्यात ग्राहकाला शेवटी मिळतो तो अहवालच. त्याच्या प्रमाणपत्राला मी माझ्यापेक्षा जास्त मान देते. गंमत अशी की सर्ट-इनच्या त्या तक्त्यात त्याची गणना ‘अन्य पात्रता’ या रकान्यात होते.

जळगाव, भुसावळ, नंदुरबारकडची मुले आता मला विचारायला येतात, आणि बहुतेकांच्या हातात कुठल्या तरी क्लासचे पत्रक असते. मी त्यांना आधी फुकटचे दाखवते. आयएससी-टू या संस्थेने २०२२ मध्ये दहा लाख लोकांसाठी सुरुवातीच्या पातळीचा ‘सर्टिफाइड इन सायबरसिक्युरिटी’ हा अभ्यासक्रम आणि परीक्षा मोफत देण्याची घोषणा केली. उत्तीर्ण झाल्यावर वर्षाला ५० डॉलर भरावे लागतात, ही गोष्ट आधीच सांगून ठेवते. ओव्हर-द-वायर या संकेतस्थळावरील ‘बँडिट’ हा खेळ लिनक्स या संगणकप्रणालीतील आज्ञा शिकवतो, पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकादमी संकेतस्थळांतील त्रुटी सरावासकट शिकवते, आणि दोन्हींना एक पैसा लागत नाही. दोन महिने यांत टिकणाऱ्याला पुढे कोणती परीक्षा द्यावी हे सांगायला मला आवडते. जो टिकत नाही त्याचे क्लासचे पैसे वाचतात. सराव मात्र स्वतःच्या किंवा सरावासाठी दिलेल्या यंत्रावरच करायचा, हे मी जरा दटावूनच सांगते. महाविद्यालयाच्या निकालाच्या संकेतस्थळावर ‘नुसते पाहत होतो’ असे म्हणणारा एक मुलगा मला भेटला होता. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६ खाली परवानगीवाचून असे अप्रामाणिक किंवा कपटी हेतूने शिरण्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत, आणि तसा एक गुन्हा नोंदला गेला तर कुठलेही प्रमाणपत्र उपयोगी पडत नाही.

आणखी एक हिशेब क्लासवाले सांगत नाहीत. बहुतेक प्रमाणपत्रे कायमची नसतात. सिक्युरिटी प्लस तीन वर्षांनी संपते. ते चालू ठेवायचे तर त्या काळात ५० प्रशिक्षण-गुण जमवावे लागतात आणि वर्षाला ५० डॉलर भरावे लागतात. सीआयएसएला दर वर्षी किमान २० आणि तीन वर्षांत १२० तासांचे शिक्षण दाखवावे लागते, शिवाय वार्षिक शुल्क. ओएससीपी एकदा मिळाली की आयुष्यभराची असे. नोव्हेंबर २०२४ पासून तिच्यासोबत तीन वर्षांत मुदत संपणारी ‘ओएससीपी प्लस’ जोडली गेली, म्हणजे तिथेही घड्याळ आलेच. माझ्या सिक्युरिटी प्लसची मुदत संपत आली तेव्हा मी पुन्हा ती जुनी वही काढली, तेव्हाच्या जाहिराती पाहिल्या आणि नूतनीकरण केले नाही. संस्थेच्या तक्त्यात ते मोजले जात नव्हते, ग्राहकांपैकी कुणी त्याबद्दल विचारले नव्हते आणि त्यातले जे शिकायचे ते शिकून झाले होते. धुळ्याच्या सहकाऱ्याला हा निर्णय पटलेला नाही. परदेशातील काम मिळाले तर ते लागेल असे तो म्हणतो, आणि त्याचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. सीआयएसएचे शुल्क मात्र संस्था भरते, तोवर ते चालू राहील.